'एक्स्प्लॉइट' शब्दाची कुळकथा

गेल्या वर्षीं शाळा सोडून गेलेला आमचा एक विद्यार्थी नोकरीसाठीं लिहिलेला इंग्रजी अर्ज तपासून घेण्याकरितां एके दिवशीं आमच्याकडे आला. अक्षर वळणदार, विरामचिन्हें जागच्या जागीं, व्याकरणांत एकहि चूक नाहीं. मात्र शेवटच्या परिच्छेदांत त्यानें असें एक वाक्य लिहिलें होतें कीं, तें वाचून आम्हीं चष्मा काढून पुसला व पुन्हां वाचून पाहिलें. त्या वाक्याचा भावार्थ असा : "माझ्या शिक्षकांचा दयाळूपणा मीं पुरेपूर एक्स्प्लॉइट केला आहे." बिचाऱ्याच्या मनांत कृतज्ञतेवांचून दुसरें कांहीं नव्हतें. घरीं जो लहानसा इंग्रजी-मराठी कोश होता त्यांत त्यानें 'उपयोग करून घेणें' हा अर्थ पाहिला, आणि गुरुजनांच्या प्रेमाचा आपण चांगला उपयोग करून घेतला हें सांगण्यास हाच शब्द त्यास भारदस्त वाटला. पण इंग्रजी जाणणारा कोणीहि अधिकारी तें वाक्य वाचून असेंच समजला असता कीं, या उमेदवारानें भोळ्या मास्तरांना नागविलें आणि वर तो त्याची फुशारकी मारीत आहे. आज मास्तर, उद्यां आमची कचेरी!

कोशानें त्यास खोटें सांगितलें नव्हतें. 'उपयोग करून घेणें' हा त्या शब्दाचा अर्थ आहेच. परंतु लहान कोश शब्दाचा अर्थ तेवढा सांगतो, त्याची संगत सांगत नाहीं. हा शब्द कोणत्या घरीं मानानें बसतो आणि कोणत्या घरीं त्याचें नांव काढिलें तरी माणसें तोंड फिरवितात, हें समजण्यास त्याची कुळकथाच ऐकली पाहिजे. ती कथा मोठी मनोरंजक आहे, म्हणून या वार्षिकाच्या वाचकांस ती सांगण्याचें योजिलें आहे.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणें; त्यास 'एक्स' हा 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागला म्हणजे 'एक्स्प्लिकारे', अर्थात् घडी उलगडणें. वस्त्राची घडी मोडून तें पसरावें, गुंडाळलेला कागद मोकळा करावा, तशी ही क्रिया. याच घराण्यांतला 'एक्स्प्लिसिट' हा शब्द वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहे : उघड, स्पष्ट, ज्याची एकहि घडी मिटलेली राहिली नाहीं असें. मध्ययुगांत यूरोपांतील मठांमध्यें ग्रंथ हातानें लिहीत, तेव्हां ग्रंथ पुरा झाला म्हणजे अखेरीस 'एक्स्प्लिसिट' हाच शब्द लिहीत, आपल्या पोथ्यांच्या शेवटीं 'समाप्त' लिहितात तसा. जणूं सगळी गुंडाळी उलगडून झाली. 'सिंपल' म्हणजे एकाच घडीचें. 'कॉम्प्लिकेटेड' म्हणजे घडींत घडी अडकलेलें. 'रिप्लाय', 'अप्लाय', 'डिस्प्ले' हे सारे त्याच गोत्रांतले भाऊबंद होत.

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंत गेला तेव्हां त्याचा अर्थ यश, फलप्राप्ति, लाभ असा झाला. काम उलगडत नेऊन तडीस लाविलें कीं त्याचें फळ हातीं यावयाचेंच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडांत पोहोंचला, आणि पुढें नाम म्हणून त्याचा अर्थ 'मोठें कृत्य, पराक्रम' असा कायम झाला. शूर सरदारांचे किंवा दर्यावर्दी लोकांचे 'एक्स्प्लॉइट्स' म्हणजे त्यांचे पराक्रम. आजहि हें नाम, विशेषतः अनेकवचनीं, याच अर्थानें चालतें. तेव्हां १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं व १६६६ सालीं आग्र्यास जें घडलें त्यास शिवाजी महाराजांचे 'एक्स्प्लॉइट्स' म्हणण्यास मुळींच हरकत नाहीं; त्यांत मानहानि नसून गौरवच आहे. (इतिहासाच्या उत्तरपत्रिकेंत हा शब्द पाहून एका सद्गृहस्थांनीं आमच्याकडे तक्रार आणिली होती, म्हणून एवढा खुलासा.)

पवित्र शास्त्राच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत हें नाम दानीएलाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायांत दोनदां आलें आहे. मौज अशी कीं, पहिल्या ठिकाणीं तें पवित्र कराराच्या विरुद्ध मन झालेल्या एका राजाविषयीं आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं आपल्या देवाला ओळखणाऱ्या लोकांविषयीं. मूळ इब्री भाषेंत तेथें केवळ 'करील' आणि 'करितील' एवढेंच आहे. काय करील, तें सांगितलेलें नाहीं. 'एक्स्प्लॉइट्स' हा शब्द भाषांतरकारांनीं पदरचा घातला. त्यांच्या काळीं या शब्दांत चांगलें किंवा वाईट असें कांहींच नव्हतें, म्हणून तो दुष्टासहि चालला व भक्तासहि चालला.

आतां क्रियापदाकडे वळूं. आरंभींच उच्चाराची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मुलें येथें हटकून चुकतात. नाम असतांना आघात पहिल्या अवयवावर येतो, 'एक्स्'वर. क्रियापद असतांना तो दुसऱ्यावर येतो, 'प्लॉइट'वर. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट' या शब्दांचें असेंच आहे. मोठ्यानें वाचतांना हा भेद पाळिला तर ऐकणारास अर्धा अर्थ आपोआप कळतो.

क्रियापदाचा जुना अर्थ 'तडीस नेणें' असा होता व तो इंग्रजींत मागें पडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच भाषेंतून 'एक्स्प्लॉइटेशन' हें भाववाचक नाम इंग्रजींत नव्यानें आलें, आणि त्याच्या मागोमाग क्रियापदहि पुन्हां वापरांत आलें. फ्रेंच माणसाच्या तोंडीं या शब्दांत कांहीं वावगें नव्हतें. खाण चालविणें, जंगलांतून लांकूड काढणें, शेत पिकविणें, अशा कामांचा तो साधा व्यवहारी शब्द होता. आजहि फ्रान्सच्या सरकारी कागदांत शेतकऱ्यास जें नांव आहे तें याच धातूपासून बनलें आहे. जमिनीच्या पोटांत निजलेलें धन बाहेर काढणें म्हणजे घडी उलगडणेंच नव्हे काय? इंग्लंडांतील ज्या लोकांनीं हा शब्द प्रथम स्वीकारिला त्यांनीं तो उद्योगाची स्तुति म्हणूनच स्वीकारिला.

मग तो बिघडला कसा? ज्या वाक्यांत पूर्वीं जमीन आणि खाण हीं कर्में होतीं, त्या वाक्यांत कर्माच्या जागीं माणूस येऊन बसला, एवढेंच झालें. सेंट-सिमों या नांवाचा एक फ्रेंच विचारवंत १८२५ सालीं वारला. त्याच्या शिष्यांनीं १८२९ च्या सुमारास पॅरिस शहरांत व्याख्यानें देऊन, माणसाकडून होणारें माणसाचें 'एक्स्प्लॉइटेशन' संपलें पाहिजे, असा पुकारा केला. मालक मजुराला खाणीप्रमाणें खणतो, असें त्यांना म्हणावयाचें होतें. तो प्रयोग लोकांच्या मनाला असा झोंबला कीं, पुढील वीस-पंचवीस वर्षांत इंग्रजींतहि तो अर्थ रुळला आणि जो शब्द शाबासकीचा होता तो आरोपाचा झाला. मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला, त्या वेळीं हा नवा अर्थ खुद्द इंग्रजींतच अगदीं कोवळा होता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

मराठींत आपण या अर्थी 'शोषण' म्हणतों. हा शब्द 'शुष्' या संस्कृत धातूपासून आला; 'शुष्क' हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे इंग्रजांनीं खणण्याचें रूपक घेतलें आणि आपण सुकविण्याचें घेतलें. आमच्या मतें आपलें रूपक अधिक खरें आहे. खणलेल्या खाणीला वेदना नसते; पण चैत्रांत आटत जाणारें तळें ज्यानें पाहिलें आहे, त्यास शोषण म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. बायकांच्या बोलण्यांतील 'पिळून काढणें' आणि त्यावरून झालेला 'पिळवणूक' हा शब्दहि तसाच बोलका आहे.

इंग्रजींत जो घोटाळा आहे तो आपल्या घरींहि आहे, हें मात्र मुलांच्या लक्षांत येत नाहीं. 'संधि साधली' म्हटलें तर ती स्तुति होते. 'संधिसाधु' म्हटलें तर शिवी होते. धातु तोच, संधि तीच. 'सुटीचा फायदा घेतला' यांत कांहीं वाईट नाहीं. 'त्याच्या साधेपणाचा फायदा घेतला' असें म्हणतांच 'गैर' हें अक्षरद्वय न लावितांहि फायदा गैर होतो. आणि आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या अर्जांत नकळत जें कबूल केलें होतें त्यास तर मराठींत एक अस्सल म्हण आहे : मऊ लागलें म्हणून कोपरानें खणणें. खणण्याचें रूपक आपल्या आयाबायांनाहि सुचलें होतें तें असें.

आतां व्यवहारास उपयोगी पडेल असें कांहीं सांगतों. हें क्रियापद लिहिण्यापूर्वीं कर्माकडे पाहावें. कर्म निर्जीव असेल, जसें खाण, पाण्याचा प्रवाह, नवा शोध, तर अर्थ बहुधा निर्दोष असतो. मात्र अलीकडे जंगलें, मासेमारीचे समुद्र व भूमिगत पाणी यांच्या बाबतींतहि त्याला हावरेपणाचा वास येऊं लागला आहे, आणि तें योग्यच आहे. कर्म माणूस असेल तर अर्थ वाईटच समजावा. तेथें अपवाद शोधीत बसूं नये. माणसाचा गुण, भिडस्तपणा, अज्ञान, दारिद्र्य, प्रेम हीं कर्में असलीं तरीहि वाईटच. येथें कोणी हुशार मुलगा विचारील कीं, "क्रिकेटच्या वृत्तांतांत गोलंदाजानें फलंदाजाचा कच्चेपणा 'एक्स्प्लॉइट' केला असें लिहितात, तें कसें?" प्रश्न रास्त आहे. खेळांत दोघेहि एकमेकांचा कच्चेपणा शोधण्याच्या कराराने मैदानांत उतरलेले असतात. बुद्धिबळांतहि तसेंच. तेथें फसगत नाहीं, म्हणून निंदाहि नाहीं. संगणकाच्या विद्येंत मात्र याच्या उलट झालें आहे : यंत्राच्या आज्ञावलींत राहून गेलेला दोष हेरून आंत शिरण्याची जी युक्ति, तिला 'एक्स्प्लॉइट' असें नाम पडलें आहे. म्हणजे पराक्रमाच्या नामालाहि अखेर क्रियापदाची संगत बाधली.

कृतज्ञता सांगावयाची असेल तर इंग्रजींत सुरेख साधे प्रयोग आहेत. 'प्रॉफिट बाय' हा एक; शिक्षकांच्या उपदेशापासून लाभ झाला हें त्यानें नीट सांगतां येतें. 'मेक गुड यूझ ऑफ' हा दुसरा. 'अव्हेल' हें क्रियापद आपल्याकडे फार आवडतें, पण रूढ इंग्रजी लेखनांत त्यापुढें 'वन्सेल्फ' व 'ऑफ' यांची जोड लागते. नुसतें 'अव्हेल्ड द लीव्ह' असें आपल्या देशाबाहेर सहसा कोणी लिहीत नाहीं. 'टेक अ‍ॅडव्हांटेज ऑफ' हा प्रयोग दुधारी आहे. सवलतीच्या तिकिटाचा 'अ‍ॅडव्हांटेज' घ्यावा, विधवेच्या एकटेपणाचा घेऊं नये. जातां जातां सांगावयाचें म्हणजे 'अ‍ॅडव्हांटेज' या शब्दांतील 'ड' हाच मुळीं फुकट शिरलेला आहे. मूळ फ्रेंच शब्द 'आव्हांताज', 'पुढें असणें' या अर्थाचा. पण जुन्या पंडितांस वाटलें कीं तेथें लॅटिन 'अ‍ॅड' हा उपसर्ग असावा, म्हणून त्यांनीं चुकून 'ड' घातला आणि तो आजवर राहिला. शिकलेल्यांची चूक कोण दुरुस्त करणार!

एवढें सांगूनहि मुलांच्या मनांत शंका उरते कीं, योग्य लाभ कोठें संपतो आणि शोषण कोठें सुरू होतें. याचें उत्तर आम्हीं वर्गांत देतों तें उत्पत्तीच्या पुस्तकांतील याकोबाच्या गोष्टीवरून. एसाव रानांतून थकून, भुकेनें व्याकूळ होऊन आला. याकोबाजवळ मसुरीची आमटी शिजत होती. ती त्यानें दिली, पण आधीं ज्येष्ठपणाचा हक्क लिहून घ्यावा तसा शपथेवर घेतला. सौदा उघड होता. किंमत आधीं ठरली होती. एसावानें आपल्या तोंडानें होय म्हटलें. मग यांत खटकतें काय? खटकतें तें हें कीं, त्या घटकेस एसाव 'नाहीं' म्हणण्याच्या स्थितींत नव्हता, आणि याकोबाला तें ठाऊक होतें. पुढें याकोबाचाहि वार आला. मामा लाबान यानें त्याला राहेलीसाठीं सात वर्षें राबविलें, लग्नाच्या रात्रीं लेआ पुढें केली, आणखी सात वर्षें राबविलें, आणि त्यानंतरच्या कळपाच्या चाकरींत वारंवार वेतन बदललें. परमुलुखांत, आसरा नसलेला भाचा जाणार कोठें? शास्त्रानें या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या चरित्रांत ठेविल्या आहेत. त्यामुळें याकोबाची बाजू घ्यावी कीं त्याला दोष द्यावा, याविषयीं वर्गांत दरवर्षीं कडाक्याचा वाद होतो आणि घंटा झाली तरी मुलें उठत नाहींत.

आपल्या प्रांताच्या इतिहासांतहि हीच गोष्ट आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि तेथून तें लोण पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतील गांवोगांव पसरलें. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून घेऊन त्यांची होळी केली. त्या कागदांवर कुणब्यांनीं स्वतःच सही म्हणून नांगराची निशाणी किंवा आंगठा उमटविला होता, म्हणून कोर्टाच्या दृष्टीनें सर्व कांहीं कायदेशीर होतें. वाचतां न येणाऱ्या माणसानें, सारा भरण्याची मुदत डोक्यावर असतां, जे होय म्हटलें तें होय किती वजनाचें धरावें? सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमिलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला त्यानें न्यायाधीशास असा अधिकार दिला कीं, रोख्यावरील आंकड्यापाशीं न थांबतां त्याच्या मागें जाऊन सगळ्या व्यवहाराची मूळ हकीकत तपासावी. कागदाची घडी उलगडून आंत काय आहे तें पाहावें, असेंच त्या कायद्यानें सांगितलें. लॅटिन धातूचा पहिला अर्थ असा अनेक शतकांनीं कुणब्याच्या कामीं आला, असें आम्हांस उगाच वाटतें.

२६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेंत तर हा शब्द मथळ्यावरच आहे. मूलभूत हक्कांच्या भागांत 'एक्स्प्लॉइटेशन'विरुद्धचा हक्क असें एक प्रकरण असून त्यांत तेविसावें व चोविसावें अशीं दोन कलमें आहेत. पहिल्यानें माणसांचा व्यापार, वेठबिगार व सक्तीची मजुरी यांना मनाई केली आहे. दुसऱ्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत, खाणींत किंवा इतर धोक्याच्या कामावर लावण्यास मनाई केली आहे. पालकांनीं हीं कलमें मुलांकडून एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावीं. लांबीला थोडीं आहेत. दहा मिनिटेंहि लागणार नाहींत.

या शब्दाविषयीं आमचा स्वतःचा एक धडा राहिला आहे, तो सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाहीं. वरील सर्व विवरण एकदां वर्गांत करून आम्हीं मुलांस सांगितलें कीं, प्रत्येकानें या क्रियापदाचें एक वाक्य रचावें. कोणी खाणीवर लिहिलें, कोणी सावकारावर, दोघांनीं लाबानावर. मागच्या बांकावरील एका अबोल मुलानें उभें राहून आपलें वाक्य वाचलें. त्याचा अर्थ असा होता : "मास्तर वसतिगृहांतील मुलाच्या विश्रांतीचा तास एक्स्प्लॉइट करितात." क्रियापदाच्या अंतीं 'स' राहिला होता, तेवढा आम्हीं ताबडतोब दुरुस्त केला. आघातहि चुकला होता, तोहि सांगितला. मग वर्गाकडे पाहिलें. कोणी हंसत नव्हतें.

गोष्ट खरी होती. वसतिगृहांतील एक मुलगा कित्येक महिने दुपारच्या सुटींत आमच्या घरची भाजी बाजारांतून आणून देत असे. आम्हीं त्यास कधीं जबरदस्ती केली नव्हती. एकदां सांगितलें, त्यानें आणली. पुन्हां सांगितलें, पुन्हां आणली. पुढें सांगावेंहि लागेना. तो आनंदानें करितो असें आम्ही धरून चाललों होतों. त्या संध्याकाळीं तो नेहमींप्रमाणें पिशवी मागावयास दारांत आला, तेव्हां आम्हीं त्यास विचारलें, "काय रे, तुला कधीं कंटाळा आला नाहीं काय?"

तो म्हणाला, "आला होता, सर."

"मग बोलला कां नाहींस?"

तो खालीं पाहूं लागला. पायाच्या आंगठ्यानें उंबऱ्याशेजारची माती उकरीत थोड्या वेळानें म्हणाला, "तुम्हांला नाहीं कसें म्हणावयाचें, सर?"

आम्हीं पिशवी आपल्या हातीं घेतली आणि बाजाराची वाट धरली. भाजी पारखण्याची संवय मोडल्यामुळें वांगीं निम्मीं किडकीं निघालीं, आणि त्याबद्दल घरांत जें ऐकून घ्यावें लागलें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं.